आठ बीजाणूंची साक्ष

मणिकर्णिका घाटामागे चितेच्या लाकडांच्या थप्प्या लागलेल्या असतात. पडून राहिलेल्या अशा लाकडावर पावसाळ्यात टाचणीच्या डोक्याएवढे काळे ठिपके उठतात. ही बुरशी. दोन ओंडक्यांवरचे ठिपके नुसत्या डोळ्यांना सारखेच दिसतात; फरक कळतो तो ब्लेडने पातळ काप घेऊन काचपट्टीवर ठेवल्यावर. एकात बीजाणूंची लांबट थैली, तिच्यात ओळीने आठ गर्द तपकिरी बीजाणू, प्रत्येकाच्या अंगावर एक उभी चीर. आयोडीनचे द्रावण सोडले की थैलीच्या टोकाशी बहुधा निळे कडे उमटते. ही हायपोझायलॉनच्या गोतावळ्यातली. दुसऱ्यातले बीजाणू फिकट आणि केळ्यासारखे बाकदार, म्हणजे डायाट्रिपेच्या कुळातले. इतकी निःसंदिग्ध साक्ष देणारी ही सूक्ष्मदर्शकाची विद्या आता कालबाह्य झाली, असे मानण्याची घाई आपल्याला झाली आहे आणि ती महागात पडेल.

घाईमागे कारण आहे. डीएनएचा ‘आयटीएस’ नावाचा तुकडा 2012 मध्ये बुरशीचा अधिकृत बारकोड, म्हणजे जात ओळखायची खूण, ठरला. सूक्ष्मदर्शकाला वेळ लागतो, पाहणाऱ्याची नजर चुकते आणि हुबेहूब सारख्या दिसणाऱ्या दोन जाती त्याला वेगळ्या करता येत नाहीत, हे आक्षेप खरेच आहेत. पण यंत्रातून निघालेली डीएनएची अक्षरे जुळवायची कशाशी? कुणीतरी आधी नाव देऊन ठेवलेल्या नमुन्याशीच. सार्वजनिक साठ्यांतल्या बुरशींच्या डीएनए-नोंदींपैकी 20 टक्क्यांपर्यंत नोंदींवर जातीचे नाव चुकीचे असू शकते, असे 2006 च्या एका अभ्यासाने दाखवले. शिवाय कुजक्या लाकडाच्या एका कणात अनेक बुरश्या नांदतात. हाती आलेला डीएनए त्या काळ्या ठिपक्याचाच की शेजाऱ्याचा, हे काप पाहिल्याखेरीज कसे ठरवणार? (चुकीच्या पत्त्यावर पोहोचलेले पत्रही सुवाच्य असू शकते.)

जगात बुरशीच्या 22 ते 38 लाख जाती असाव्यात असा अंदाज आहे. नावे मिळाली सुमारे दीड लाखांना. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतला आजरेकर बुरशीसंग्रह किंवा बनारस हिंदू विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागातला संग्रह म्हणजे या नावांची तारण-पेढी. तिथल्या पाकिटातला वाळका तुकडा पन्नास वर्षांनीही भिजवून पुन्हा तपासता येतो. नावावर वाद झाला तर दाद मागायची ती त्याच्याकडेच. असे संग्रह चालवणे खर्चिक आहे, हेही खरे. मग निदान एक अट तरी घालावी: सरकारी पैशातून ओळख पटवलेल्या बुरशीच्या प्रत्येक डीएनए-नोंदीसोबत वाळवलेला नमुना, बीजाणूंची मायक्रॉनमधली मापे, आयोडीनने दाखवलेला रंग आणि लाकूड कोणत्या झाडाचे होते ते संग्रहात जमा झाले पाहिजे.