स्वदेशी पाटी, परके पालक

२००७ साली सी-डॅकची ‘बॉस’ आली, २०२३ साली संरक्षण मंत्रालयाची ‘माया’; दोन्ही वेळा ‘स्वदेशी’ म्हणून डंका वाजला. ‘बॉस’चा पाया डेबियन, ‘माया’चा उबंटू आणि उबंटूचाही डेबियनच. यात कमीपणा नाही; मुक्त सॉफ्टवेअर असेच वाढते. कमीपणा आहे तो फुकट्या पाहुण्याच्या वृत्तीत. डेबियन १२ मधील ६४ हजारांहून अधिक पॅकेजेस कुणीतरी सांभाळते: परवाने तपासते, सुरक्षेची दुरुस्ती जुन्या आवृत्तीत बसवते. बेंगळुरूतील लक्षावधी अभियंते त्यावर पोट भरतात. अभ्यासक्रमात मात्र या कामाला क्वचितच जागा मिळते. (नवे लिहिणारा तो हुशार, जुने जपणारा तो कारकून!) मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’मधला चोरदरवाजा उघडकीस आला. एकाकी, थकलेल्या सांभाळकर्त्याला मदत करण्याच्या मिषाने कुणीतरी दोन वर्षे विश्वास संपादन करून तो पेरला होता. त्याच वर्षी बेंगळुरूच्या झिरोधाने मुक्त प्रकल्पांसाठी वार्षिक १० लाख डॉलर जाहीर केले. उत्तम. पण पैशाने सांभाळकर्ता घडत नाही. जाणत्याने पॅकेज चारदा परत पाठवल्यावर नवशिका पाचव्यांदा ते नीट बांधतो. तेवढी सवड देणाऱ्या कंपन्या या शहरात हव्या आहेत.