पोहायला शिकवा, पण ढकलू नका

मे महिन्याची सुट्टी लागली की गावोगावच्या विहिरींवर मुलांची झुंबड उडते. ‘पाण्यात ढकलले की आपोआप पोहायला येते,’ असे सांगणारे काका-मामा घरोघरी असतात. हा समज चुकीचा आहे. अचानक गार पाण्यात पडलेले मूल दचकून श्वास आत ओढते, पाणी श्वासनलिकेत जाते आणि मूल गुदमरते. त्यातून ते वाचले तरी मनात बसलेली धास्ती वर्षानुवर्षे जात नाही.

म्हणून पोहणे शिकवूच नये, असे नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे ३ लाख लोक बुडून दगावले. त्यांत जवळजवळ चौथा हिस्सा ५ वर्षांखालील बालकांचा होता.

सुरुवात घरच्या न्हाणीघरात करावी. डोक्यावर पाणी ओतण्याआधी मुलाला सांगावे. पाण्यात तोंड धरून बुडबुडे काढायला शिकवावे. खेळ संपताच बादली रिकामी करावी. लहान मूल तेवढ्या पाण्यातही बुडते. पुढे मुलाच्या कमरेइतक्या पाण्यात हात धरून उतरवावे. रडू लागल्यास बाहेर घ्यावे, भित्रा म्हणून चिडवू नये. पाठीला डबा बांधला असला किंवा हवेची ट्यूब असली, तरी पोहता येणाऱ्या मोठ्या माणसाने हाताच्या अंतरावरच राहावे. कान वाहत असेल किंवा फिट येत असतील, तर आधी डॉक्टरांना विचारावे.

शिकायला चार दिवस जास्त लागले तरी चालतील. पाण्याची भीती जावी, धाक मात्र राहावा.