पंपाला घाबरणारी घरं

"पंप नको डॉक्टर, पातळ औषध द्या." पाऊस सुरू झाला की बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात हे वाक्य रोज ऐकू येतं. म्हणणारी बहुधा आई असते. तिच्या मांडीवर चार वर्षांचा मुलगा असतो आणि श्वासागणिक त्याचं पोट उडत असतं. सर्दी झाली की दोन दिवसांत ती छातीत उतरते, रात्री दोन-अडीचच्या सुमाराला उबळ येते, खोकून खोकून उलटी होते, मग कुठे डोळा लागतो. पुन्हा अँटिबायोटिक, पुन्हा कफ सिरप, फारच झालं तर दवाखान्यात मशीनची वाफ. चार दिवस बरे जातात आणि शेजारचं मूल शिंकलं की सगळं पहिल्यापासून.

दम्याच्या पंपाला, म्हणजे इनहेलरला, दिलेल्या या नकाराला अडाणीपणा म्हणणं अन्यायाचं होईल. घरातल्या मोठ्या माणसांनी पाहिलेला दमा म्हणजे रात्रभर उशीला टेकून बसलेले, धाप लागलेले आजोबा. पंप त्यांच्या हातात आला तो अगदी शेवटी. म्हणून पंप म्हणजे आता दुसरं काही उरलं नाही, त्याची सवय लागते, एकदा लागला की जन्मभर सुटत नाही, अशी समजूत पक्की बसली. मुलगी असेल तर "पुढे लग्नाच्या वेळी काय सांगायचं?" हा प्रश्नही हळू आवाजात येतो.

खरं तर पंप जन्माला आला तोच एका मुलीमुळे. १९५५ साली अमेरिकेतल्या रायकर लॅबोरेटरीजचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या तेरा वर्षांच्या मुलीला दमा होता. औषधासाठी तिला रबरी फुगा दाबून चालवायचं काचेचं नाजूक उपकरण वापरावं लागे. केसांवर मारायच्या फवाऱ्यासारखं माझं औषध का मिळत नाही, असं तिनं वडिलांना विचारलं. १९५६ मध्ये पहिला मोजलेल्या मात्रेचा पंप बाजारात आला.

आता पातळ औषधाचा हिशेब बघावा. श्वासनळ्या मोकळ्या करणारं साल्ब्युटामॉल सिरपमधून दिलं, तर पाच मिलिलिटरच्या चमच्यात साधारण २ मिलिग्रॅम असतं. पंपाच्या एका फवाऱ्यात, म्हणजे एका पफमध्ये, १०० मायक्रोग्रॅम. एक चमचा म्हणजे वीस पफ. चमच्यातलं औषध पोटात जातं, रक्तातून अंगभर फिरतं, हात थरथरतात, छाती धडधडते, मूल रात्री अकरा वाजता पलंगावर उड्या मारत बसतं आणि या सगळ्यातून थोडासा भाग श्वासनळ्यांपर्यंत पोचतो. पंपातलं औषध थेट तिथेच जातं. ज्याला घर "कडक" समजतं ते कमी आणि ज्याला "साधं" समजतं ते कितीतरी जास्त.

दुसरी भीती स्टेरॉइडची. तिला उत्तर द्यायलाच हवं, कारण ती निराधार नाही. दम्यात श्वासनळ्यांना आतून सूज असते आणि ती उतरवण्यासाठी रोजच्या पंपात स्टेरॉइड असतं. उत्तर अमेरिकेत पाच ते तेरा वर्षांच्या मुलांना चार ते सहा वर्षं रोज बुडेसोनाइड हे स्टेरॉइड पंपातून देऊन पुढे त्यांची प्रौढ वयातली उंची मोजली गेली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार ते न घेतलेल्यांपेक्षा ही मुलं सरासरी १.२ सेंटिमीटरनं बुटकी निघाली. हे आईबापांपासून लपवू नये. पण त्याच्या शेजारी दुसरी गोष्टही ठेवावी. दर झटक्याला तोंडानं दिलेल्या स्टेरॉइडचे कोर्स अंगभर परिणाम करतात आणि आटोक्यात नसलेला दमाही मुलाची वाढ मागे ओढतो. झोप नाही, भूक नाही, खेळ नाही. एवढं मोजल्यावर सव्वा सेंटिमीटरचा सौदा वाईट वाटत नाही.

आणि हा रोजचा पंप काम करतो तो चांगल्या दिवसांत. कौलं शाकारायची तर पाऊस पडायच्या आधी, तसंच हे. घरोघरी होतं ते उलट: खोकला थांबला, मूल धावायला लागलं की पंप कपाटात जातो. आतली सूज मात्र तशीच राहते आणि पुढची सर्दी आली की झटका येतो. मात्रा कधी कमी करायची, पंप कधी बंद करायचा हे ठरवता येतं, पण ते डॉक्टरांबरोबर आणि मूल काही महिने ठणठणीत राहिल्यावर.

"मोठा झाला की जाईल" हे आजीचं म्हणणं अर्ध्याहून अधिक खरं आहे. अमेरिकेतल्या टूसॉन शहरात १९८० पासून मुलांचा जन्मापासून पाठपुरावा झाला. सहा वर्षांपर्यंत जवळपास निम्म्या मुलांची छाती कधी ना कधी वाजली. तीन वर्षांआधी घरघर झालेल्यांपैकी बहुतेकांची ती सहाव्या वर्षी थांबलेली होती; एकूण मुलांपैकी सुमारे १४ टक्क्यांची मात्र चालूच राहिली. ती कोणाची राहील? आईवडिलांना दमा, मुलाला इसब, सर्दी नसतानाही रात्री येणारा खोकला, हसताना-धावताना येणारी उबळ, अशा खुणांवरून डॉक्टर अंदाज बांधतात आणि दोन-तीन महिने पंप देऊन बघतात. सगळा खोकला दम्याचा नसतो, हेही तितकंच महत्त्वाचं. वजन वाढत नसेल, ताप हटत नसेल, घरात कोणाला टीबी असेल, तर तपास वेगळा करावा लागतो. आणि खेळता खेळता अचानक ठसका लागून घरघर सुरू झाली, तर शेंगदाणा श्वासनळीत अडकल्याची शंका आधी घ्यावी.

लहान मुलाला पंप तोंडात धरून वेळेवर श्वास ओढता येत नाही. त्यासाठी स्पेसर असतो: एका टोकाला पंप, दुसऱ्या टोकाला नाकातोंडावर घट्ट बसणारा मास्क. पंप हलवायचा, एकच पफ दाबायचा आणि मुलाला पाच ते दहा संथ श्वास घेऊ द्यायचे. आतली झडप प्रत्येक श्वासाला उघडते-मिटते ती दिसते, म्हणून चार वर्षांचं मूलही पाढे म्हटल्यासारखे श्वास मोजतं. दुसरा पफ त्यानंतर. रोजच्या पंपानंतर चूळ भरायची, मास्क असेल तर तोंडही पुसायचं. स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून काढायचा आणि तसाच वाळू द्यायचा. फडक्यानं पुसला की प्लॅस्टिकवर विद्युतभार येतो आणि औषध भिंतीला चिकटून बसतं. एवढी साधी गोष्ट चिठ्ठीवर लिहून मिळत नाही, याचं वाईट वाटतं.

स्पेसर परवडत नाही म्हणून अडू नये, यासाठी दक्षिण आफ्रिकेत केप टाउनच्या डॉ. हेदर झार यांनी पाण्याची पाचशे मिलिलिटरची साधी प्लॅस्टिकची बाटली वापरली. बुडाला पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडायचं, पंप घट्ट बसवायचा, बाटलीच्या तोंडातून श्वास घ्यायचा. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासात झटका आलेल्या मुलांवर ही बाटली विकतच्या स्पेसरइतकीच उपयोगी ठरली. सौम्य-मध्यम झटक्यात पंप आणि स्पेसर नेब्युलायझरच्या मशीनपेक्षा कमी पडत नाहीत, हेही अनेक अभ्यासांतून दिसलं आहे. मशीनचा आवाज मोठा, म्हणून औषध मोठं असं नसतं.

घरातल्या काही गोष्टी मात्र खरंच बदलायला हव्यात. बाळाला न्हाऊ घातल्यावर शेगडीवर ओवा-वावडिंगाची धुरी देतात. ज्याची छाती वाजते त्याला ती देऊ नये, कितीही मायेनं दिलेली असली तरी. डासांची एक कॉइल जळताना ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण सोडते, असं २००३ च्या एका अभ्यासात मोजलं गेलं. मच्छरदाणी तिच्यापेक्षा हजारपट बरी. भिंतीची ओल, गादीतली धूळ, घरातली विडी-सिगारेट हे खरे वैरी. त्यांना सोडून घर मागे लागतं ते केळ्याच्या आणि दह्याच्या. ज्या पदार्थानं मुलाला त्रास होतो हे स्पष्ट दिसलं आहे तेवढाच बंद करावा. कोजागिरीच्या रात्री खिरीतून दम्याचं औषध घ्यायला लोक लांबून येतात. श्रद्धेनं जायचं त्यांनी जावं, पण रोजचा पंप त्या रात्रीही चुकवू नये.

भारतात शहरोशहरी मिळून सव्वा लाखाहून अधिक मुलांची आणि पालकांची पाहणी झाली. पुण्याचे डॉ. संदीप साळवी तिच्या संशोधकांपैकी एक. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत छाती वाजणाऱ्यांपैकी ८२ टक्के आणि तीव्र दम्याची लक्षणं असलेल्यांपैकी ७० टक्के लोकांना दमा असल्याचं कोणी सांगितलेलंच नव्हतं. साल्ब्युटामॉल आणि बुडेसोनाइड हे दोन्ही पंप राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. मग ते, स्पेसर आणि तो वापरायला शिकवणारं माणूस प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात असलं पाहिजे, ही मागणी अवाजवी नाही.

शाळांचंही काम आहे. जूनमध्ये पालकांनी डॉक्टरांकडून एका कागदावर लिहून आणावं: रोजचा पंप कोणता, झटक्यात कोणता, किती पफ, किती मिनिटांनी पुन्हा. आणि कधी थांबायचं नाही हेही: बरगड्या आत ओढल्या जात असतील, बोलताना वाक्य तुटत असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर पफ देत देत थेट रुग्णालय. तो कागद वर्गशिक्षकांकडे आणि पीटीच्या सरांकडे असावा आणि झटक्याचा पंप वर्गातच, हाताशी. ऑफिसच्या कुलूपबंद कपाटात नको.