वरठी टेस्ट

परवा रात्री साडेअकराला पुतण्याचा फोन आला. एवढ्या रात्री वरठीहून फोन म्हटल्यावर पोटात गोळाच आला. पण तसं काही नव्हतं. पठ्ठ्याचा प्रश्न होता, ‘‘काका, पीएस फाइव्ह घेऊन राहिलो. डिस्कवाला घेऊ का डिजिटल? लवकर सांगा नं, ऑफर बारा वाजता संपते.’’

मंडळी, पुतण्या बावीस वर्षांचा आहे, नागपुरात पहिली नोकरी आहे आणि सहा महिन्यांच्या पगारातून पैसे बाजूला टाकलेत. म्हणजे प्रश्न सीरियस. आणि घरातला गॅजेटवेडा म्हणून कन्सल्टन्सी फुकटात आमच्याकडे.

ज्यांना वरठी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडा भूगोल. मुंबईहून विदर्भ एक्सप्रेस पकडा, नाहीतर पुण्याहून महाराष्ट्र एक्सप्रेस. नागपूर मागे पडलं की तासाभरात ‘भंडारा रोड’ अशी पाटी दिसते. भंडारा शहर तिथून अजून दहा-बारा किलोमीटर. स्टेशन ज्या गावात आहे ते गाव वरठी. एकीकडे सनफ्लॅगचा पोलाद कारखाना, दुसरीकडे धानाच्या बांध्या. गाव आमचं, फलाट आमचा, पाटीवर नाव मात्र शेजाऱ्याचं. त्यामुळे ‘आपल्याकडे आहे ते खरंच आपलं असतं का?’ हा प्रश्न वरठीकराला लहानपणापासूनच पडतो.

गॅजेटचे रिव्ह्यू लिहिणारे लोक एसी खोलीत बसतात. वायफाय फुल, यूपीएस तयार, टेबलावर थंड कॉफी. तिथे काय, सगळंच चालतं! माझी टेस्ट वेगळी आहे. कुठलीही नवी वस्तू घेतली की मी ती मनातल्या मनात वरठीच्या घरी नेऊन ठेवतो आणि तीन प्रश्न विचारतो. लाइन गेली तर? रेंज गेली तर? आणि कंपनी गेली तर?

पहिला प्रश्न माझा नाही, बाबांचा. मी शहरातून काहीही नवीन आणलं की ते उलटंपालटं करून बघायचे आणि विचारायचे, ‘‘हे चांगलं आहे बाबू. पण लाइन गेली तर?’’ आमच्याकडे वीज जात नाही, लाइन जाते. आणि २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत ती अशी जायची की परत आली की पोरं टाळ्या वाजवायची. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर ही वीजकेंद्रं विदर्भातली. धूर आमचा, राख आमची आणि अंधारही आमचाच. पुढे शेजारच्या तिरोड्याला ३,३०० मेगावॅटचं केंद्र उभं राहिलं, पण तोवर आमची पिढी मेणबत्तीवर अभ्यास करून पांगली होती.

बाबांच्या प्रश्नाला डिस्टिंक्शनमध्ये पास झालेलं गॅजेट म्हणजे नोकिया ११००. आलं २००३ मध्ये. कॅमेरा नाही, कलर स्क्रीन नाही, गाणी नाहीत. पण डोक्यावर टॉर्च! आणि एकदा चार्ज केला की दिवसचे दिवस निवांत. जगभरात २५ कोटींच्या वर खपला हा फोन. स्टाइलसाठी कुणी घेतला नसेल, पण रात्री पंपावर जाणाऱ्या शेतकऱ्याला त्याहून ‘हाय-टेक’ काय लागतं सांगा?

सपशेल आपटलेलं उदाहरण म्हणजे एक्सबॉक्स ३६०. आपल्याकडे २००६ मध्ये आला, जाहिरातीत अक्षय कुमार आणि युवराज सिंग. दिसायला एकदम झकास. पण पहिल्या काही मॉडेल्सना आतली उष्णता झेपेना. बटणाभोवती लाल दिवे लागायचे आणि डबा गप्प. २००७ च्या जुलैमध्ये मायक्रोसॉफ्टला वॉरंटी तीन वर्षांची करावी लागली आणि त्यासाठी शंभर कोटी डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढावी लागली. ही तऱ्हा थंड अमेरिकेतली. मे महिन्यात ४५ अंशाला पोचणाऱ्या आमच्या पत्र्याच्या खोलीत त्याने काय केलं असतं, कल्पना करा. २०१७ मधला निन्टेन्डो स्विच मात्र लाइनच्या परीक्षेत पास. त्याच्या पोटात बॅटरी आहे, लाइन गेली तरी गेम चालूच. फक्त निन्टेन्डो भारतात अधिकृतपणे विकतच नाही. मग नागपूरच्या बर्डीवर नाहीतर पुण्याच्या तपकीर गल्लीत जायचं आणि दुकानदाराच्या शब्दालाच वॉरंटी कार्ड मानायचं.

दुसरा प्रश्न, रेंज. आमचा पहिला कन्सोल म्हणजे नव्वदच्या दशकातला ‘टीव्ही गेम’. निन्टेन्डोने १९८३ मध्ये जपानमध्ये काढलेल्या फॅमिकॉमची ती कॉपी. कॅसेटवर लिहिलेलं असायचं ‘९९९९ इन १’, आणि निघायचे पाच-सहाच गेम, तेच तेच नावं बदलून. चालली नाही की कॅसेट काढायची, फुंकर मारायची, पुन्हा लावायची. फुंकरीने काही होत नव्हतं, काढून घातल्यामुळे पिना नीट टेकायच्या. पण ती फुंकर म्हणजे आमचं सॉफ्टवेअर अपडेट! कॅसेट एका घरातून दुसऱ्या घरात जायची, आणि अख्ख्या आळीत मिळून चारच कॅसेटी असल्या तरी गेम सगळ्यांचे व्हायचे.

पुढे काय झालं बघा. २०१३ च्या जूनमध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वनचा नियम सांगितला. कन्सोलने चोवीस तासांतून एकदा इंटरनेटवर हजेरी लावायची, नाहीतर गेम बंद. डिस्क तुम्ही दुकानातून पैसे मोजून आणली असली तरी! ज्यांच्याकडे नेट नाही त्यांनी काय करायचं, तर जुना एक्सबॉक्स ३६० आहेच की, असं कंपनीच्या बड्या अधिकाऱ्याने सांगितलं. म्हणजे वरठीकरांनो, तुम्ही जुनंच वापरा. जगभर एवढा गदारोळ झाला की १९ जूनला नियम मागे घ्यावा लागला. तोवर सोनीने ‘आमच्या पीएस फोरला असली भानगड नाही’ सांगून टाळ्या घेतल्या होत्या. पीएस फोर अकरा कोटींच्या वर खपला. एक्सबॉक्स वन त्याच्या निम्म्यालाही पोचला नाही.

‘‘काका, तो जमाना गेला,’’ पुतण्या म्हणाला. खरंय. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि रेंजचा प्रश्न पुष्कळसा मिटला. पण मिटला म्हणजे संपला नाही. आजचे मोठे गेम शंभर जीबीच्या घरात जातात. मोबाइलच्या रोज दोन जीबीच्या पॅकवर असा एक गेम उतरवायचा तर झाले पन्नास दिवस. तेही व्हॉट्सअ‍ॅप बंद ठेवून! डिस्क घेतली की यातला बराच माल घरपोच येतो. अर्थात तिचेही नखरे आहेत. पहिल्या दिवसापासून अपडेट मागतात, काही डिस्कमध्ये तर अर्धाच गेम असतो. पीएस फाइव्हच्या स्लिम मॉडेलला डिस्क ड्राइव्ह नंतर जोडता येतो, पण पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागतंच. म्हणजे स्वतःच्या घरात स्वतःचा ड्राइव्ह लावायलाही परवानगी!

आता तिसरा प्रश्न. कंपनी गेली तर? किंवा कंपनी आहे, पण तिचा मूडच गेला तर?

२००९ च्या जुलैमध्ये अ‍ॅमेझॉनने किंडलवर लोकांनी विकत घेतलेलं पुस्तक रातोरात पुसून टाकलं. विकणाऱ्याकडे हक्कच नव्हते असं कारण होतं, पैसेही परत केले, मालकांनी माफीही मागितली. पण पुस्तक कुठलं असावं? ऑर्वेलचं ‘१९८४’! सरकार जुने कागद गायब करतं, त्या गोष्टीचं. पुढचं उदाहरण युबिसॉफ्टच्या ‘द क्रू’ या रेसिंग गेमचं. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद, आणि ज्यांच्या कपाटात डिस्क होती त्यांचाही गेम मेला. तेव्हा ‘डिस्क आहे म्हणजे सेफ’ हा फंडाही शंभर टक्के खरा नाही. त्यावरून युरोपात मोहीम सुरू झाली आणि २०२५ च्या जुलैपर्यंत तिच्या अर्जावर दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. कॅलिफोर्नियाने तर कायदाच केला, १ जानेवारी २०२५ पासून लागू. डिजिटल वस्तू विकताना ग्राहकाला स्पष्ट सांगायचं, की बाबा रे, हे तुझं नाही, तुला फक्त वापरायचा परवाना मिळतोय. आपण ‘बाय’चं बटण दाबतो आणि प्रत्यक्षात भाड्याने घेतो. भाडेकराराचा कागद मात्र आपल्याकडे नसतो.

सगळेच कंपनीवाले वाईट असतात असंही नाही हं. गुगलने ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद केलं, पण आपला डेटा उतरवून घ्यायला पुढे दोन वर्षं दिली. त्यांचीच गेमची स्टेडिया सेवा जानेवारी २०२३ मध्ये मिटली तेव्हा गेमचे पैसे परत केले आणि कंट्रोलर दुसरीकडे चालावा म्हणून त्याचं ब्लूटूथ खुलं करून दिलं. पाहुण्याला निरोप द्यावा तर असा. कुठल्याही इंटरनेट कंपनीबद्दल मत बनवताना मी तिची एण्ट्री बघत नाही, एक्झिट बघतो. ‘माझं सामान मला परत कसं मिळेल?’ याचं सरळ उत्तर जिच्याकडे आहे ती पास.

हे शहाणपण मला फुकट आलेलं नाही. २००७ मध्ये ताईचं लग्न झालं. माझ्या हातात नवाकोरा पाच मेगापिक्सलचा डिजिटल कॅमेरा. गावातले फोटोग्राफर काका स्टेजवरच्या पोझ काढत होते आणि मी बाकी सगळं. त्यात वरातीत नाचणारे बाबा. आयुष्यात कधी न नाचलेला माणूस, फेटा डोळ्यावर आलेला, तोंड उघडून हसतोय. सव्वादोनशे फोटो होते. मी एक सीडी केली आणि सगळे फोटो एका फोटो साठवणाऱ्या साइटवर टाकले. नाव घेत नाही. बाबांना ऐटीत सांगितलं, ‘‘आता लाइन गेली तरी काही होत नाही, फोटो इंटरनेटवर आहेत.’’ त्यांनी मान डोलावली. माझ्यावर त्यांचा भारी विश्वास.

बाबा २०१४ मध्ये गेले. तेरवीला ठेवायला फोटो हवा होता. साइट उघडली तर साइटच नव्हती. बंद होण्याआधी त्यांनी मेल पाठवला होता, पण मी केव्हाच सोडून दिलेल्या आयडीवर. सीडी काढली, तर तिचा चंदेरी पापुद्रा सुटलेला. शेवटी ओळखपत्राच्या फोटोवरून मोठा करून घेतला. भिंतीवरचे बाबा अजूनही ओळखपत्रातल्यासारखे बघतात. पुतण्या त्यांना याच चेहऱ्याने ओळखतो.

तर, परवा मी त्याला ठासून सांगितलं, ‘‘डिस्कवाला घे.’’ हिशेबही मांडला. पीएस फाइव्ह २०२१ च्या फेब्रुवारीत भारतात आला तेव्हा दोन मॉडेलमधला फरक बरोबर दहा हजारांचा होता, ४९,९९० आणि ३९,९९०. डिस्क खेळून झाली की विकता येते, मित्राशी बदलता येते, जुनी स्वस्तात मिळते. आठ-दहा गेममध्ये फरक वसूल!

तो थोडा थांबला. मग म्हणाला, ‘‘पण काका, आजोबांचे फोटो डिस्कवरच होते नं? ते कुठं टिकले?’’

बोला! यावर कुठला रिव्ह्यू लिहायचा?

खरं सांगायचं तर वरठी टेस्टमध्ये त्या लग्नातली एकच वस्तू पास झाली. फोटोग्राफर काकांचा तो जाडजूड अल्बम, आईच्या लोखंडी कपाटातला. लाइन लागत नाही, रेंज लागत नाही, काकांचा स्टुडिओ कधीच बंद झाला तरी अल्बम उघडतो. त्यातल्या एका ग्रुप फोटोच्या कडेला बाबा आहेत. अर्धेच आलेत, पण हसताहेत.

म्हणून पुतण्याला म्हटलं, ‘‘कन्सोल कुठलाही घे. गेम गेला तर गेला, दुसरा येईल. पण तुझ्या फोनमध्ये आजीचे जे फोटो आहेत ना, त्यातले वीस निवड आणि या रविवारी भंडाऱ्याला जाऊन प्रिंट काढ. बाकीचे दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर टाक, एक तुझ्याकडे, एक माझ्याकडे. आणि नेटवर ठेवशील तर चालू असलेल्या मेल आयडीवर ठेव.’’ मंडळी, हे तुम्हालाही लागू. एक संध्याकाळ जाईल, हजारभर रुपये जातील. गॅजेटवर याहून चांगला खर्च मला तरी माहीत नाही.

‘‘हाव, करतो,’’ तो म्हणाला. ‘‘आणि डिस्कवालाच घेतो. थांबा, आत्ताच ऑर्डर टाकतो, पाच मिनिटं आहेत.’’

मी फोन धरून थांबलो. तिकडून बटणांचा आवाज आला, मग एकदम शांतता आणि मग दूर कुठेतरी पोरांचा गलका.

‘‘काका...’’

‘‘काय झालं?’’

‘‘लाइन गेली.’’