वैमानिक देश का सोडतात? प्रश्न पगाराइतकाच झोपेचा

गेल्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात देशातल्या विमानतळांवर जे घडलं ते अनेकांच्या अजून लक्षात आहे. लग्नाला निघालेली वऱ्हाडं, परीक्षेला निघालेली मुलं, दवाखान्याची वेळ घेतलेले रुग्ण तासन् तास ताटकळले. 3 ते 5 डिसेंबर 2025 या तीन दिवसांत इंडिगोची अडीच हजारांहून अधिक उड्डाणं रद्द झाली आणि तीन लाखांवर प्रवासी अडकले. त्या वेळी चर्चा झाली ती तिकिटांच्या परताव्याची आणि अव्वाच्या सव्वा वाढलेल्या भाड्याची. मूळ कारण मात्र एका ओळीत सांगता येईल. वैमानिकांना किती झोप मिळावी याचा नियम बदलला होता आणि त्यासाठी लागणारे वैमानिक कंपनीने वेळेत उभे केले नव्हते.

या गोंधळानंतर वैमानिकांच्या वर्तुळातला एक जुना विषय पुन्हा वर आला: प्रवासी विमान सोडून मालवाहू विमानाकडे वळावं का, की सरळ आखातात किंवा पूर्व आशियात करारावर जावं? सीमाभागातल्या घरांसाठीही हा विषय परका राहिलेला नाही. 2021 मध्ये विमानतळ प्राधिकरणाने ज्या पाच विमानतळांवर उड्डाण प्रशिक्षण संस्थांसाठी जागा दिल्या, त्यात बेळगाव, जळगाव आणि कलबुर्गी होती. बारामती, गोंदिया, इंदूर, वडोदरा, हैदराबाद इथेही मुलं विमान चालवायला शिकतात. बारावीला फिजिक्स आणि गणित असलेला मुलगा किंवा मुलगी 200 तासांचं उड्डाण पूर्ण करून कमर्शियल परवाना मिळवते, तोवर घरातून लाखो रुपये गेलेले असतात. टाइप रेटिंग धरलं तर अनेकांचा हिशेब कोटीच्या आसपास जातो. घर किंवा शेत गहाण ठेवून काढलेल्या कर्जावर हे शिक्षण होत असेल, तर पुढे नोकरी कुठे करायची हा प्रश्न एकट्या वैमानिकाचा राहत नाही, तो सगळ्या घराचा होतो.

नियम काय बदलला?

डीजीसीएने वैमानिकांच्या ड्यूटी आणि विश्रांतीचे सुधारित नियम जानेवारी 2024 मध्ये जाहीर केले. आठवड्याची सलग विश्रांती 36 तासांवरून 48 तासांवर नेली. 'रात्र' मध्यरात्रीपासून पहाटे 5 पर्यंत धरली जायची, ती 6 पर्यंत वाढवली. रात्रीच्या वेळेतली लँडिंग 6 वरून 2 वर आणली. रात्रीत शिरणाऱ्या ड्यूटीत उड्डाणाचे तास 8 आणि एकूण ड्यूटी 10 तासांपर्यंत मर्यादित केली. हे नियम 1 जून 2024 पासून लागू व्हायचे होते. विमान कंपन्यांनी मुदत मागितली, वैमानिक संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि शेवटी 1 जुलै व 1 नोव्हेंबर 2025 अशा दोन टप्प्यांत अंमलबजावणी ठरली.

म्हणजे तयारीला जवळजवळ दोन वर्षं मिळाली. तरीही डिसेंबरमध्ये गाडं अडलं. मग सरकारने काय केलं? इंडिगोला रात्रीच्या ड्यूटीच्या अटींतून 10 फेब्रुवारी 2026 पर्यंत तात्पुरती सवलत दिली. 'साप्ताहिक विश्रांतीच्या जागी रजा धरता येणार नाही' हे कलम तर सगळ्याच कंपन्यांसाठी मागे घेतलं. जानेवारीत कंपनीला 22 कोटी 20 लाखांचा दंडही झाला. पण नोकरी करणाऱ्या वैमानिकाने यातून जो अर्थ घ्यायचा तो घेतला: अडचण कंपनीची असली की आधी सैल होते ती त्याची विश्रांती.

नागपूरची घटना

ऑगस्ट 2023 मध्ये नागपूर विमानतळावर, पुण्याचं विमान घेऊन निघण्याआधी, बोर्डिंग गेटपाशी एक कॅप्टन कोसळले आणि त्यांचा मृत्यू झाला. आदल्या दिवशी पहाटे 3 ते सकाळी 7 या वेळेत त्यांनी तिरुवनंतपुरमहून पुणेमार्गे नागपूरपर्यंत विमान आणलं होतं. त्यानंतर 27 तासांची विश्रांती झाली होती आणि त्या दिवशी चार उड्डाणं करायची होती. कागदावर सगळं नियमात बसत होतं. पण त्या घटनेने एक प्रश्न उघड्यावर आणला. विश्रांतीचे तास भरले म्हणजे माणूस झोपला असं होतं का? पहाटे 3 ला ड्यूटीवर असलेला माणूस सकाळी 7 ला हॉटेलात पोचतो, बाहेर लख्ख ऊन असतं, शरीराचं घड्याळ जागं व्हायला सांगत असतं. रात्री 2 ते सकाळी 6 हा काळ शरीराच्या दृष्टीने सर्वांत मंद. तेवढ्या वेळेची भरपाई दिवसाच्या झोपेने पूर्ण होत नाही, हे पाळीत काम केलेला कुठलाही गिरणी कामगार किंवा नर्स सांगेल.

मालवाहू विमान: प्रवासी नाहीत, पण रात्र आहे

कार्गोचं आकर्षण समजण्यासारखं आहे. प्रवाशांची गर्दी नाही, पाऊण तासाच्या धावपळीत दिवसाला चार-पाच फेऱ्या नाहीत, ठरावीक मार्ग असतात. कोविडच्या काळात प्रवासी विमानं जमिनीवर उभी होती तेव्हा मालवाहू विमानं उडत होती, हेही वैमानिक विसरलेले नाहीत. भारतात हे क्षेत्र लहान आहे. चेन्नईत तळ असलेली ब्लू डार्ट एव्हिएशन बोइंग 757 आणि 737 चालवते. जानेवारी 2023 मध्ये हैदराबादहून ॲमेझॉनची हवाई मालवाहतूक बंगळुरूच्या क्विकजेटच्या विमानांवर सुरू झाली. इंडिगोनेही एअरबस 321 जातीची मालवाहू विमानं घेतली. पण या सगळ्यांत मिळून असलेल्या जागा प्रवासी कंपन्यांच्या तुलनेत मूठभर.

शिवाय कुरिअरचा धंदा चालतो तो रात्री. संध्याकाळी गोळा केलेलं पार्सल सकाळी दुसऱ्या शहरात पोचवायचं, म्हणजे विमान मध्यरात्रीनंतरच उडणार. रात्रीच्या ड्यूटीला कंटाळून कार्गोत गेलेल्या माणसाला तिथे आणखी रात्रीच भेटतात. फरक एवढाच, की त्या जरा ठरावीक असतात.

अमेरिकेतलं उदाहरण इथे बोलकं आहे. 2009 मध्ये कोलगन एअरच्या अपघातानंतर तिथे वैमानिकांच्या विश्रांतीचे कडक नियम आले, ते जानेवारी 2014 पासून लागू झाले. त्यातून मालवाहू कंपन्या वगळल्या गेल्या, कारण खर्चाचं गणित आड आलं. हे नियम लागू होण्याच्या काही महिने आधी, 14 ऑगस्ट 2013 च्या पहाटे, यूपीएसचं एअरबस ए-300 मालवाहू विमान अलाबामातल्या बर्मिंगहॅमजवळ कोसळलं. दोन्ही वैमानिक मृत्युमुखी पडले. तपासात थकवा हा अपघाताला हातभार लावणारा घटक म्हणून नोंदला गेला. कॉकपिटमधल्या ध्वनिमुद्रणात ते दोघे नेमकं हेच बोलताना आढळले: विश्रांतीचे नवे नियम मालवाहू वैमानिकांना का नाहीत? विमानात प्रवासी नसले म्हणून वैमानिकाची झोप स्वस्त होत नाही, हा त्या घटनेचा धडा. कार्गोची नोकरी पाहताना पगाराआधी कोणता नियम लागू आहे ते पाहायला हवं, ते यासाठी.

परदेशातला करार: कागद बारकाईने वाचावा

आखातात जाण्याची कारणं उघड आहेत. संयुक्त अरब अमिरातीत पगारावर वैयक्तिक आयकर नाही. मोठ्या कंपन्या घरभाडं, मुलांची शाळा, विमा यांसाठी भत्ते देतात. गोव्यातल्या किंवा बेळगावातल्या घरून दुबई काही तासांवर. त्यात भारतातला अनुभव असा, की नोकरी कायमची म्हणून धरली ती कंपनीच राहिली नाही. 2012 मध्ये किंगफिशर, 17 एप्रिल 2019 ला जेट एअरवेज, मे 2023 मध्ये गो फर्स्ट. जेटच्या वैमानिकांचे तर बंद पडण्याआधीचे महिनोन् महिन्यांचे पगार थकले होते. 'भारतातली नोकरी सुरक्षित, परदेशातली जोखमीची' हे वाक्य वडीलधारी माणसं अजून बोलतात, पण या तीन नावांनंतर त्यात फारसा जीव उरलेला नाही.

तरीही दुसरी बाजू आहेच. करार ठरावीक वर्षांचा असतो. निवासाचा व्हिसा नोकरीला बांधलेला असतो, नोकरी गेली की थोड्या दिवसांत घर, शाळा, सगळंच उचलावं लागतं. संयुक्त अरब अमिरातीत कामगार संघटना नाही, त्यामुळे रोस्टरबद्दल सामूहिक तक्रारीला जागा नाही. 2020 मध्ये एमिरेट्सने मोठ्या संख्येने वैमानिक कमी केले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हाँगकाँगच्या कॅथे पॅसिफिकने 5,900 कर्मचारी कमी केले आणि उरलेल्या वैमानिकांसमोर कमी पगाराचे नवे करार ठेवले. पुढे 2023 च्या अखेरीस त्याच कंपनीला वैमानिक कमी पडले म्हणून उड्डाणं रद्द करावी लागली. कंपन्या माणसं सोडताना घाई करतात आणि परत हवी झाली की धावाधाव करतात. मधल्या काळात त्या घरांचं काय झालं ते ताळेबंदात दिसत नाही.

म्हणून सही करण्याआधी घरात काही गोष्टी स्पष्ट झालेल्या बऱ्या. करार थेट कंपनीशी आहे की मधल्या एजन्सीशी? किमान किती उड्डाण तासांचा पगार हमखास मिळणार? वैद्यकीय तपासणीत परवाना गेला तर विमा कोण देणार? प्रशिक्षणाचा बाँड किती वर्षांचा आणि मध्येच कंपनीने काढलं तरी तो फेडावा लागणार का? चार आठवडे काम आणि मग घरी, असा करार असेल तर घरी यायचं तिकीट पक्कं की जागा उरली तरच? आणि कराचं काय? आर्थिक वर्षात 182 दिवस किंवा अधिक काळ भारतात राहिलं तर साधारणपणे रहिवासी धरलं जातं आणि मग बाहेरचं उत्पन्नही इथल्या कराच्या कक्षेत येतं. वारंवार घरी येणाऱ्यांनी दिवस मोजलेच पाहिजेत.

दारावरचं कुलूप

माणसं जाऊ नयेत म्हणून भारताने निवडलेला उपाय नोटिशीचा. 2017 च्या नियमानुसार कॅप्टनने राजीनामा दिल्यावर एक वर्ष आणि को-पायलटने सहा महिने थांबायचं. परदेशी कंपनी एक वर्ष वाट बघत नाही. 2023 मध्ये अकासा एअरचे चाळीसहून अधिक वैमानिक नोटीस पूर्ण न करता गेले तेव्हा कंपनीने न्यायालयात धाव घेतली. कंपनीची बाजू पूर्ण चुकीची म्हणता येत नाही. वैमानिक रातोरात तयार होत नाही, आणि एकदम चाळीस जण गेले की तिकीट काढलेला प्रवासीच अडकतो. पण एका वर्षाची बेडी कामगाराच्या पायात घालायची तर रोस्टर, विश्रांती आणि थकलेला पगार याबाबत कंपनीवरही तितकंच बंधन हवं. ते दिसत नाही.

2025 मध्ये भारताने आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेपुढे, अनुभवी मनुष्यबळ पळवण्यावर आचारसंहिता असावी अशी मागणी मांडली. मागणी समजू शकते. देशात 1,700 हून अधिक विमानांची मागणी नोंदलेली आहे आणि पुढच्या 15-20 वर्षांत 30,000 वैमानिक लागतील असं सरकारच सांगतं. पण भारतही परदेशी वैमानिकांना तात्पुरता परवाना देऊन करारावर बोलावत आलेला आहे. 22 मे 2010 च्या मंगळुरू अपघातात 158 जण गेले. त्या विमानाचे कॅप्टन परदेशी होते, आणि दुबईहून येताना वाटेत ते बराच वेळ झोपले होते, असं चौकशीत नोंदलं आहे. 2020 च्या कोझिकोड अपघाताच्या अहवालातही, त्या तळावर कॅप्टनची संख्या अपुरी ठेवल्याचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या उड्डाणाचा दबाव असल्याचा उल्लेख आहे. वैमानिक देशी की परदेशी, यापेक्षा रोस्टर कसं आखलं जातं याचं महत्त्व जास्त, हेच दोन्ही अहवाल सांगतात.

सांबऱ्याच्या धावपट्टीवर आज घिरट्या घालणारी मुलं दहा वर्षांनी कॅप्टन होतील. त्यांना इथेच ठेवायचं असेल तर डिसेंबरमध्ये सैल केलेले नियम पुन्हा घट्ट करणं आणि ते कुठल्याही कंपनीच्या हंगामासाठी न वाकवणं, हा पहिला उपाय. तो झाला नाही तर कुलूप कितीही मोठं लावा, माणसं खिडकीतून जातील. आणि जी राहतील ती पहाटे 3 ला, डोळ्यांवर झोप घेऊन, आपल्याच घरच्यांना घेऊन उडत असतील.