भाग पाडले की गळ घातली?

'फोर्स' असो वा 'प्रेस', मराठी अनुवादात दोन्हींसाठी सर्रास 'दबाव टाकला' असे येते. अर्थ निसटतो तो इथेच. 'फोर्स्ड हिम टु साइन' म्हटले की सही झालेली असते. 'प्रेस्ड हिम टु साइन' एवढ्यावरून ती झाली की नाही ते कळत नाही. पहिल्याला 'सही करायला भाग पाडले' हवे, दुसऱ्याला 'सहीसाठी गळ घातली' किंवा 'तगादा लावला'. मात्र त्याच 'प्रेस'पुढे 'इंटू सायनिंग' आले, की सही झालीच समजावी. म्हणजे कोशात क्रियापद शोधण्याआधी त्याच्या पुढचा 'टु' की 'इंटू' ते पाहणे बरे.

'बुली', 'ब्लॅकमेल', 'कजोल' ही मंडळी बहुधा 'इंटू'च्याच संगतीत असतात. इंग्रजी क्रियापद रीत सांगते आणि निकाल 'इंटू'वर सोडते. मराठीची मांडणी उलटी: रीत 'ऊन'मध्ये, निकाल मुख्य क्रियापदात. दमदाटी करून सही घेतली, लाडीगोडी लावून घेतली, पिच्छा पुरवून घेतली. 'त्याला सहीमध्ये धमकावले' असली वाक्ये लिहिण्याची काहीच गरज नाही.

'कम्पेल' परिस्थितीही करू शकते. दुष्काळ गाव सोडायला लावतो. 'कोअर्स'मागे मात्र सहसा माणूस आणि त्याची धमकी असते. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात 'कोअर्शन' कलम १५ मध्ये, तर 'अनड्यू इन्फ्लुअन्स' कलम १६ मध्ये आहे. दोन्हींना 'दबाव' लिहिणारा अनुवादक पक्षकाराला अडचणीत आणतो.

काही क्रियापदे इतिहास घेऊन येतात. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने १६८१ पासून प्रोटेस्टंटांच्या घरांत ड्रॅगून घोडेस्वार मुक्कामाला घातले आणि त्यांच्या जाचाने धर्मांतरे घडवली. 'ड्रॅगून' हे क्रियापद त्या घोडेस्वारांच्या नावावरून आले. 'प्रेस-गँग' म्हणजे ब्रिटिश नौदलासाठी माणसे जबरीने धरून नेणारी टोळी. त्याला 'वेठीस धरणे' जवळचे खरे, पण संपाच्या बातम्यांनी त्या शब्दाला 'अडवून धरणे' हाच अर्थ चिकटवला आहे, तेव्हा 'जबरीने भरती केले' हेच सुरक्षित. 'बुलडोझ' तर यंत्राहून जुना: १८७६ च्या निवडणुकीच्या सुमारास अमेरिकेत लुइझियानातील कृष्णवर्णीय मतदारांना चाबकाच्या धाकाने वठणीवर आणण्यासाठी तो वापरला गेला. त्या काळच्या मजकुरात तो आला, तर 'बुलडोझर फिरवला' लिहून चालणार नाही. तिथे 'दहशत घातली' हवे.