आधीं आराखडा, मग करवत

आगगाडीची लहान प्रतिकृति मांडणें हा पोरखेळ, आणि तिचा आराखडा संगणकावर काढणें म्हणजे तर विद्यार्थ्यांच्या बुद्धीस आळसाची संवय लावणें, असें आमच्या कित्येक सहकाऱ्यांचें मत आहे. एके काळीं माझेंही तेंच होतें. तें मीं कां सोडलें, हें येथें सांगावयाचें आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या छंदमंडळांतील मुलांनीं खाऊच्या पैशांतून ८ फूट लांब व ४ फूट रुंद प्लायवुडचा तक्ता, रूळ व १:८७ या प्रमाणाचें एक इंजिन घेतलें. आराखडा मीं पेन्सिलीनें काढिला. इंग्रजी आठाच्या आकाराचा मार्ग, मध्यें पूल, एका बाजूस सपाट स्थानक. कागदावर तो फारच शोभिवंत दिसला. तक्ता कापला, रूळ ठोकले. इंजिन एकटें पूल चढलें. मागें चार डबे जोडतांच चाकें जागच्या जागीं फिरूं लागलीं. मुलें मला कांहीं बोललीं नाहींत. तेंच मला अधिक लागलें.

पुढें तोच आराखडा मीं एक्सट्रॅककॅड या विनामूल्य आज्ञावलींत मांडिला. तींत वळणाची त्रिज्या व सांध्यांची लांबी खऱ्या मापानें घ्यावी लागते. दोन ठिकाणांची उंची दिली कीं मधली चढण ती सांगते. उत्तर आलें : दर ३० इंचांस १ इंच! १८६३ सालीं खुल्या झालेल्या बोरघाटांतील चढणही ३७ फुटांस १ फूट आहे, आणि तेथें गाडी ढकलण्यास मागें जादा इंजिनें जोडीत आले आहेत.

पुलाखालून डबे जाण्यास सुमारें ३ इंच उंची पाहिजे. ५० इंचांस १ इंच अशी सौम्य चढण ठेवावयाची तर साडेबारा फूट रूळ चढण्यास व तितकाच उतरण्यास लागतो. एवढा रूळ त्या मार्गांत नव्हताच. हें त्रैराशिक मला येत होतें. परंतु सुंदर चित्राच्या मोहांत मीं तें मांडलेंच नाहीं.

दोष पेन्सिलीचा नव्हे. अमेरिकेंतील जॉन आर्मस्ट्राँग यांचें याच विषयावरील पुस्तक १९६३ सालीं निघालें. वळणाच्या त्रिज्येवरून कागदावर चौकोन पाडून, दिलेल्या जागेंत काय मावेल हें ते पेन्सिलीनेंच ठरवीत. मात्र माझ्यासारख्या उतावळ्या मनुष्यास मापाची आठवण करून देणारा कोणी पाहिजे, आणि तें काम संगणक निर्विकारपणें करितो. गाडी कोठून कोठें व कशासाठीं जावयाची, हें मात्र तो सांगत नाहीं. तो विचार मुलांनींच करावयाचा.

म्हणून माझें म्हणणें एवढेंच : हेतु आधीं कागदावर लिहावा, चढणीचें गणित प्रत्येकानें हातानें करावें, मग संगणकावर तें पडताळून पाहावें, पूर्ण मापाची छापील प्रत तक्त्यावर अंथरावी, आणि सर्वांच्या शेवटीं करवत उचलावी. संगणकावर चुकलेला रूळ पुसतां येतो. मुलांचे खाऊचे पैसे मला परत आणितां आले नाहींत.